वर्डप्रेस ४.९ वरून थेट ६.८: काय हाती लागलं, काय हातचं गेलं

टाकेशोध (धागाकर्ता)

मंडळी, सात वर्षं टाळत आलो ते शेवटी करावं लागलं.

किल्ल्यांवरच्या पाण्याच्या टाक्यांवर मी २०१० पासून लिहितोय. लांबी, रुंदी, खोली, कातळातला उतार, पाणी कोणत्या महिन्यापर्यंत टिकतं, अशा नोंदी. २६० लेख झालेत. वाचणारे मोजके आहेत, पण वर्षभराने परत येऊन वाचणारे आहेत. हे सगळं वर्डप्रेस या ब्लॉग चालवायच्या सॉफ्टवेअरच्या ४.९ आवृत्तीवर सुखाने चाललं होतं. डिसेंबर २०१८ मध्ये ५.० आलं आणि त्यात लिहायची जुनी खिडकी काढून 'गुटेनबर्ग' नावाचा ब्लॉक एडिटर बसवला, म्हणजे प्रत्येक परिच्छेद, फोटो, यादी हा वेगळा तुकडा. मी मित्राकडे तो पाहिला, नमस्कार केला आणि घरी आलो. जुन्या आवृत्त्यांना सुरक्षेच्या दुरुस्त्या मागाहून मिळत राहतात, त्यामुळे ४.९ वर बसून राहण्यात मला काही गैर वाटत नव्हतं.

यंदा होस्टिंग कंपनीचं (नाव राहू द्या) पत्र आलं की जुनी पीएचपी (वर्डप्रेस ज्या भाषेत लिहिलंय ती) बंद करतोय. भाचा रविवारी आला, आधी सगळ्याची प्रत काढली आणि मग थेट ६.८ चढवलं. दहा मिनिटांत थीमने, म्हणजे साइटचं रूप ठरवणाऱ्या साच्याने, मान टाकली. ती ज्याने बनवली त्याने तिला कित्येक वर्षांत हात लावलेला नाही, त्यामुळे तक्रार तरी कोणाकडे करणार. सध्या सोबत आलेली 'ट्वेंटी ट्वेंटी-फाइव्ह' लावून दिवस काढतोय.

पंधरा दिवस वापरून जे वाटलं ते लिहितो.

आधी कौतुक. तळटिपा! २०२३ च्या ६.३ पासून तळटीप थेट एडिटरमधून देता येते. पूर्वी मी हाताने कंसात आकडे टाकायचो आणि मधेच एक टीप वाढली की पुढचे सगळे आकडे बदलत बसायचो. आता ते आपोआप सरकतात. एवढ्या एका गोष्टीसाठी मी मागची सात वर्षं फुकट घालवली असं वाटलं. दुसरं म्हणजे वर्डमधून चिकटवलेला मजकूर आता घाण घेऊन येत नाही. पूर्वी एका परिच्छेदामागे बारा फॉन्टचे आणि रंगांचे टॅग चिकटलेले असायचे. तिसरं, फोटोवर क्लिक केल्यावर तो तिथेच मोठा व्हावा म्हणून वेगळं प्लगइन (वरून जोडायचं छोटं सॉफ्टवेअर) लागत नाही. मला टाक्याच्या भिंतीवरचे छिन्नीचे घाव दाखवायचे असतात, त्यासाठी हे बेस्ट आहे.

आता रडगाणं.

एंटर मारला की नवा ब्लॉक. मी लिहिताना एंटर सढळ हाताने मारतो. लेख संपला तेव्हा डावीकडच्या यादीत ७४ ब्लॉक दिसत होते. मी लेख लिहिला की भिंत बांधली?

लेखाचा पत्ता (यूआरएल) तुटतो. 'हरिश्चंद्रगडावरील पाण्याची टाकी: एक पाहणी' या शीर्षकाचा पत्ता झाला 'हरिश्चंद्रगडावरील-पाण्य'. पुढे काहीच नाही. पाण्याला काना मिळेपर्यंतसुद्धा दम धरला नाही. ४.९ मध्येही हे व्हायचं, पण तेव्हा वाटायचं नव्या आवृत्तीत सुधारेल.

आणि एडिटर उघडला की डावीकडचा मेनू गायब. पहिल्या दिवशी मी बाहेर कसं पडायचं ते शोधत होतो.

तुमचे अनुभव सांगा. विशेषतः मराठीत लिहिणाऱ्यांचे.

---

खटपट्या

पॉपकॉर्न घेऊन बसलो होतो, पण धागा कामाचा निघाला.

मेनूचं आधी सांगतो. मार्च २०२० च्या ५.४ पासून एडिटर पूर्ण पडदाभर उघडतो, तसं ठरवूनच केलंय. उजवीकडे वर तीन टिंबं आहेत, तिथे फुलस्क्रीनची खूण काढा. मेनू परत येईल.

पत्त्याचं गणित मजेशीर आहे. डेटाबेसमध्ये पत्त्याच्या रकान्याला जागा आहे २०० अक्षरांची. इंग्रजीचं एक अक्षर म्हणजे एक जागा. देवनागरीचं अक्षर तिथे जसंच्या तसं जात नाही, टक्क्याची चिन्हं लावून त्याचं सांकेतिक रूप साठवलं जातं आणि एकेका चिन्हाला ९ जागा लागतात. अक्षर नव्हे हं, चिन्ह! काना वेगळा, वेलांटी वेगळी, हलंतही वेगळा. म्हणजे साधारण २२ चिन्हांत खेळ खल्लास. तुमच्या 'हरिश्चंद्रगडावरील'मध्येच १७ चिन्हं आहेत, त्यांनी १५३ जागा खाल्ल्या. मधल्या आडव्या रेघेची एक. मग प, काना, ण, हलंत, य. झाले १९९. पुढच्या कान्याला नऊ हव्यात आणि शिल्लक एक. दारातूनच परत पाठवला बिचाऱ्याला.

---

टाकेशोध

@खटपट्या, हे वाचून मी मोठ्याने हसलो आणि बायको बघायला आली. पंधरा वर्षं मला वाटत होतं की मीच काहीतरी चुकीचं दाबतो.

म्हणजे 'हरिश्चंद्रगडावरील पाण्याचा निचरा' हा लेख टाकला तर?

---

खटपट्या

तर तोही तिथेच कापला जाईल. पण तो पत्ता आधीच गेलेला असल्यामुळे शेवटी दोनचा आकडा जोडावा लागतो, त्या आकड्याला जागा करायची म्हणून 'य'सुद्धा जातो आणि उरतं 'पाण्'. टाक्यातलं पाणी आटतं तसा पत्ता आटत जातो.

उपाय साधा आहे. पत्ता हाताने रोमन लिपीत, छोटा द्या. प्रकाशित लेखाचा बदललात तरी जुना पत्ता वर्डप्रेस लक्षात ठेवतं आणि वाचकाला नव्याकडे वळवतं. व्हॉट्सॲपवर लिंक पाठवली की टक्क्यांची जी चार ओळींची माळ दिसते, तीही जाईल.

---

जुनं ते सोनं

म्हणून आमचं ब्लॉगर बरं. १९९९ पासून आहे, २००३ मध्ये गूगलने घेतलं, फुकट आहे, होस्टिंगवाल्याची पत्रं येत नाहीत, भाच्याची वाट बघावी लागत नाही.

---

बिनसाखरेचा

@जुनं ते सोनं, ब्लॉगरवर देवनागरी शीर्षक दिलं की पत्ता काय होतो ते पण सांगा की 😀 'ब्लॉग-पोस्ट' आणि पुढे आकडे. वर्डप्रेस निदान बावीस चिन्हं तरी प्रयत्न करतं.

---

जुनं ते सोनं

ते आहे. पण पत्ता वाचून कोण येतं? २०२० मध्ये त्यांनीही अंगण सारवलं, नवीन रूप दिलं, आठवडाभर शिव्या घातल्या आणि सवय झाली. मला लागलं ते दुसरंच. नवा लेख आला की वाचकांना ईमेल जायची सोय होती, ती जुलै २०२१ मध्ये बंद केली. माझे जुने वाचक तेवढ्यावरच होते. त्यांना फीड रीडर (नवे लेख गोळा करून दाखवणारं ॲप) वगैरे कोण शिकवणार?

---

सुगरणीचं घरटं

मी तांत्रिक नाही, पण लिहायचा मोह आवरत नाहीये. माझा रेसिप्यांचा ब्लॉग आहे, तोही वर्डप्रेसवरच, मुलीने करून दिलेला. मी इनस्क्रिप्टवर (मराठी अक्षरं थेट कळांवर असलेल्या मांडणीवर) टाइप करते, बँकेत होते तेव्हापासूनची सवय.

सगळे सांगतात की "तिरकी रेघ दाबा, म्हणजे ब्लॉकची यादी उघडते, किती सोपं!" अहो, इनस्क्रिप्टवर त्या कळीवर 'य' आहे! मी दाबते आणि य उमटतो. मग वाटलं की शीर्षक तरी चौकटीचं चिन्ह (#) टाकून करावं, दोन चौकटी आणि स्पेस. तर शिफ्ट-तीनवर आहे रफार का रकार काहीतरी. दोनदा दाबून काय उमटलं ते इथे लिहिताही येत नाही.

साहित्याच्या यादीचं तसंच. इंग्रजी एक आणि टिंब दिलं की आपोआप यादी होते. मराठी '१.' दिलं की काही होत नाही, बसलंय आपलं तसंच. आणि बटण दाबून यादी केली तर आकडे इंग्रजी! '१ वाटी तांदूळ'मधला १ देवनागरी, आणि डावीकडे क्रमांक इंग्रजी. डोळ्याला किती टोचतं ते.

---

बिनसाखरेचा

ताई, दंडवत! इनस्क्रिप्टच्या 'य'चा विचार कोणाच्या स्वप्नातही आला नसेल. आम्ही फोनेटिकवाले (रोमन अक्षरांतून मराठी टाइप करणारे) सुटलो.

(अवांतर: तो रकारच. रफार वेगळ्या कळीवर.)

---

खटपट्या

@सुगरणीचं घरटं, यादीच्या आकड्यांना उपाय आहे. यादीच्या ब्लॉकमध्ये साधे आकडे, इंग्रजी अक्षरं आणि रोमन आकडे एवढेच पर्याय दिसतात. पण ब्राउझरला देवनागरी आकडे कधीपासून येतात, फक्त मागावे लागतात. थीमच्या स्टाइल्समध्ये 'अतिरिक्त सीएसएस' (पानाचं रूप ठरवणाऱ्या सूचना) नावाची जागा आहे, तिथे क्रमांकित यादीसाठी 'लिस्ट-स्टाइल-टाइप' ला 'देवनागरी' अशी किंमत द्यायची, सगळं अर्थात रोमन लिपीत. एक ओळ, एकदाच. साइटवरच्या सगळ्या याद्या बदलतील. मुलीला सांगा, पाच मिनिटांचं काम आहे.

टिंबाचं कौतुक मात्र मीही करणार नाही. त्यांनी फक्त इंग्रजी आकडा ओळखायला शिकवलंय.

@टाकेशोध, आता तुमच्या लाडक्या तळटिपांत थोडं पाणी घालतो. वरची युक्ती तळाच्या यादीला लागू पडते, तिथे १, २, ३ होईल. पण मजकुरातला वर चढवलेला आकडा एडिटर स्वतः लिहितो, तो इंग्रजीच राहतो. वर एक लिपी, खाली दुसरी.

---

टाकेशोध

हे लक्षातच आलं नव्हतं! आत्ता जाऊन पाहिलं. आता ते दिसणं थांबत नाहीये. आभारी आहे (म्हणू की नको?).

---

कानोसा

मी एनव्हीडीए वापरतो, म्हणजे पडदा वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर. दृष्टी नाही. या विषयावर बोलताना आमची बाजू क्वचित येते म्हणून लिहितो.

५.० येण्याच्या आधी, ऑक्टोबर २०१८ मध्ये, वर्डप्रेसच्या सुगम्यता गटाच्या (दिव्यांगांनाही वापरता यावं हे पाहणाऱ्या) प्रमुखांनी राजीनामा दिला होता. त्यामागचं मोठं कारण हाच एडिटर. जुनी खिडकी म्हणजे एक मोठा मजकुराचा डबा, त्यात शिरायचं आणि लिहायचं. नव्यात प्रत्येक परिच्छेद वेगळा, त्याच्या डोक्यावर बटणांची पट्टी, बाजूला आणखी एक पट्टी. डोळस माणूस नजर टाकतो आणि पुढे जातो, मला ते सगळं क्रमाने ऐकावं लागायचं. २०१९ मध्ये बाहेरच्या तज्ज्ञांकडून तपासणी झाली, त्यातही पुष्कळ दोष निघाले.

आजची परिस्थिती तशी नाही, हेही सांगायला हवं. ब्लॉकची यादी, जिला टाकेशोध भिंत म्हणाले, ती माझ्यासाठी वरदान आहे. जुन्या खिडकीत मला आठव्या परिच्छेदावर जायचं तर बाणाची कळ दाबत बसावं लागायचं. आता यादी उघडतो, खाली जातो, एंटर. पट्टीवर जायला ऑल्ट-एफ१०. शिकायला महिना लागला. २०१८ मध्ये मी हे सोडून दिलं होतं आणि तेव्हाचा राग अजून आहे, पण आता रोज यातच लिहितो.

---

टाकेशोध

@कानोसा, भिंतीचा शब्द मागे घेतो. तुमचा प्रतिसाद वाचून त्या यादीकडे पहिल्यांदाच नीट पाहिलं. ब्लॉक ओढून वरखाली करता येतो हेही मला माहीत नव्हतं. टाक्यांचा क्रम मी नेहमी शेवटी बदलतो.

---

वऱ्हाडी ठेचा

धागा वाचून राहिलो कवापासून. माहा प्रश्न सोपा आहे. जुनी खिडकी परत आननारं क्लासिक एडिटरचं प्लगइन हाय न? पन्नास लाखांवर साइटींवर चालू हाय ते. टाका न् सुखात ऱ्हा. येवढी डोकेफोड कायले?

---

खटपट्या

भाऊ, ते आहेच. गंमत बघा, २०१८ मध्ये म्हणाले २०२१ अखेरपर्यंत सांभाळू. मग २०२२ झालं, मग २०२४. दरवेळी मुदतवाढ. सरकारी योजनाच जणू. लोक सोडत नाहीत म्हटल्यावर काय करतील?

पण एक लक्षात ठेवा. ब्लॉक एडिटर लेखाच्या मजकुरातच प्रत्येक ब्लॉकच्या आधी आणि नंतर एक अदृश्य खूण लिहून ठेवतो. वाचकाला दिसत नाही, पण मजकुरात असते. एकच लेख आज यात, उद्या त्यात उघडत राहिलात तर त्या खुणा विस्कटतात आणि मग एडिटर म्हणतो की या ब्लॉकमध्ये अनपेक्षित मजकूर सापडला. एक घर धरा.

अगदीच नको असेल तर 'क्लासिकप्रेस' आहे. ५.० च्या वादातून फुटलेली शाखा, गुटेनबर्ग मुळातच नाही. पण नव्या थीम आणि प्लगइन्स तिकडे चालतीलच असं नाही.

---

पत्रावळ

खटपट्यांचं कौतुक आहे, पण मूळ मुद्दा निसटतोय असं वाटतं. अडचण एंटरची नाहीच. हा एडिटर 'पान मांडणाऱ्या' माणसासाठी केलाय, 'लिहिणाऱ्या' माणसासाठी नाही. दुकानाचं पान करायचं असेल, तीन रकाने, मधे बटण, तर याच्यासारखं दुसरं नाही. २०२२ च्या ५.९ पासून तर अख्खी साइट, माथ्यापासून तळापर्यंत, ब्लॉकने रचता येते. पण आमच्यासारखे हजार-दीड हजार शब्द सलग लिहिणारे? आम्हाला कोरा कागद हवा असतो.

आणि मांडणीचे जे दागिने दिलेत ते आपल्या लिपीला बसत नाहीत. दोन उदाहरणं देते. परिच्छेदाचं पहिलं अक्षर मोठं करायची सोय आहे. 'पाणी' असेल तर 'पा' मोठा होतो, ठीक. 'स्वच्छ' असेल तर? ब्राउझर जोडाक्षर हलंतापाशी तोडत असेल तर पाय मोडका 'स्' मोठा आणि 'व' बारका. जोडाक्षर तोडू नये हा नियम युनिकोडने (सगळ्या लिप्यांच्या संगणकीय मानकाने) २०२३ च्या १५.१ मध्ये घातला, तो सगळीकडे पोचायला वेळ लागणार. दुसरं, अक्षरांमधलं अंतर वाढवायचा पर्याय. रोमनमध्ये ते ऐटबाज दिसतं. आपल्याकडे शिरोरेषा तुटते! एका दिवाळी अंकाच्या साइटवर सगळी शीर्षकं अशी तुटक्या रेघांची पाहिली आणि दात दुखायला लागले.

---

बिनसाखरेचा

पत्रावळ +१. पण धर्माच्या गाईचे दात मोजायचे नसतात, फुकट आहे ना सगळं.

---

पत्रावळ

मोजायचे असतात. वर्डप्रेस ही कोणाची खाजगी गाय नाही. मुक्त स्रोत आहे, म्हणजे दात मोजायचा आणि जमल्यास नवा बसवायचा हक्क तुमचा. मराठी भाषांतर आपल्यासारख्याच लोकांनी फावल्या वेळात केलंय, त्यात कोणीही भर घालू शकतं. इनस्क्रिप्टचा 'य' कोणी त्यांच्या नोंदवहीत लिहून कळवला आहे का, ते आधी बघू या.

आणि कौतुक करायचं तर मी फॉन्टचं करीन. एप्रिल २०२४ च्या ६.५ पासून गूगल फॉन्ट्समधला फॉन्ट एडिटरमधूनच निवडता येतो आणि तो आपल्याच सर्व्हरवर उतरतो. मी 'टीरो देवनागरी मराठी' लावलाय. मराठी वळणाचे ल आणि श मिळतात, हिंदी वळणाचे नाही. शाळेत गिरवलेला ल स्वतःच्या ब्लॉगवर दिसायला इतकी वर्षं गेली. फक्त ओळींमधलं अंतर थोडं वाढवून घ्या. इंग्रजीसाठी ठरवलेल्या अंतरात आपल्या वेलांट्या आणि उकार एकमेकांच्या डोक्यावर बसतात.

---

सुगरणीचं घरटं

फॉन्टचं मुलीला सांगितलं. ती म्हणाली साइटची भाषा आधी मराठी कर. मी घाबरून केली नव्हती, सगळी बटणं मराठीत झाली तर मला काही सापडणार नाही म्हणून.

---

खटपट्या

घाबरू नका. साइटची भाषा मराठी आणि तुमच्या स्वतःच्या खात्याची इंग्रजी असं वेगवेगळं ठेवता येतं, २०१६ च्या ४.७ पासून. प्रोफाइलमध्ये आहे. वाचकांना महिन्यांची नावं मराठीत, तुम्हाला बटणं ओळखीची. साइटची भाषा मराठी केल्याने पानावर तशी नोंद जाते, पडदावाचकालाही मजकूर कोणत्या भाषेत वाचायचा ते कळतं. @कानोसा, बरोबर ना?

तारखेतले आकडे मात्र इंग्रजीच राहतील. तेवढं सहन करा.

---

कानोसा

बरोबर. आणि हे कृपया सगळ्यांनी करा. भाषेची नोंद इंग्रजी असलेलं मराठी पान माझं यंत्र इंग्रजी आवाजात वाचायला जातं. ते ऐकणं ही शिक्षा आहे.

---

वऱ्हाडी ठेचा

वर्डप्रेसवर धंदा करनाऱ्या त्या कंपन्यांच्या भांडनाचं काय? २०२४ मधी कोर्टात गेले होते म्हने. उद्या हे बंद पडलं तं?

---

पत्रावळ

वेगळा धागा काढा, इथे आणलंत तर दोनशे प्रतिसाद त्याचेच होतील. थोडक्यात, ते भांडण कंपन्यांचं आहे. आपला मजकूर आपल्या डेटाबेसमध्ये आहे आणि 'साधनं'मधून निर्यात करून घरी ठेवता येतो. फोटो मात्र त्या फाइलमध्ये येत नाहीत, फक्त त्यांचे पत्ते येतात. फोटोंचं फोल्डर वेगळं उतरवून घ्या.

---

टाकेशोध

हे शेवटचं वाचून पोटात गोळा आला. माझ्याकडे साडेतीन हजार फोटो आहेत. भाच्याला फोन केला, तो म्हणाला, "मामा, मी सगळंच घेतलंय, जेव."

आजचा हिशेब: साइटची भाषा मराठी केली. टीरो लावला, ओळींचं अंतर वाढवलं. देवनागरी आकड्यांची ओळ टाकली. तळटिपांचे वरचे आकडे इंग्रजीच आहेत, त्यांच्याकडे बघत नाही. जुन्या लेखांपैकी तीन ब्लॉकमध्ये बदलले आणि त्यांचे पत्ते रोमन केले. एका लेखात स्थानिक गुराख्याने सांगितलेल्या ओव्या होत्या, बदलताना त्यांच्या ओळींमधली मोकळी जागा गेली. याला काही आहे का?

---

खटपट्या

आहे. पद्यासाठीचा ब्लॉक शोधा, इंग्रजी बटणं ठेवली असतील तर त्याचं नाव 'व्हर्स'. त्यात जितकी जागा सोडाल तितकी राहते आणि एंटर मारला तरी नवा ब्लॉक होत नाही. साध्या परिच्छेदात त्याच ब्लॉकमध्ये नवी ओळ हवी असेल तर शिफ्ट-एंटर.

---

टाकेशोध

शिफ्ट-एंटर. पंधरा दिवस झाले आणि हे आज कळतंय.

---

सुगरणीचं घरटं

मलाही आत्ताच कळलं. करून बघितलं, कृती एका ब्लॉकमध्ये बसली. टाकेशोध, त्या ओव्या कोणत्या गडाजवळच्या? आमच्या आजीकडे पाण्याच्या दोन-तीन होत्या, जुळतात का बघते.